‘बर्फावर तारीख कोणी लिहिली?’ : एका हिमशास्त्रज्ञ मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

अंटार्क्टिकातील बर्फ आठ लाख वर्षांपूर्वीचा आहे, असे वाचल्यावर आमच्या आठवीतील एका मुलीने ‘मग त्यावर तारीख कोणी लिहिली?’ असे विचारले होते. तो प्रश्न मी आपल्याकडे पाठवला, तेव्हा दोन ओळींच्या उत्तराचीच अपेक्षा होती. आपण मात्र सविस्तर पत्र लिहिले, सोबत ग्रीनलँडच्या बर्फाच्या आलेखाच्या छापील प्रती जोडल्या आणि नंतर फोनवरही वेळ दिला. त्याबद्दल शाळेच्या वतीने हे जाहीर आभार.

उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात पडणाऱ्या बर्फातील ऑक्सिजन-१८ या जड समस्थानिकाचे (ऑक्सिजनच्याच थोड्या जड प्रकाराचे) प्रमाण वेगवेगळे असते, त्यामुळे आलेखावर चढउतार उमटतात आणि एक चढ म्हणजे एक वर्ष धरून मोजत जाता येते, एवढे मुलांना लगेच समजले. खरी गंमत पुढे झाली. आपल्या सांगण्यावरून तोच आलेख तीन गटांना मोजायला दिला, तर तीन गटांची तीन उत्तरे आली, कारण मधल्या एका बुटक्या चढाला कोणी वर्ष मानले, कोणी मानले नाही. बरोबर उत्तर सांगा म्हणून मुले मागे लागली, तेव्हा आपण फोनवर म्हणालात की ग्रीनलँडच्या बर्फाची मोजणी करणाऱ्यांनीही संशयास्पद थर अर्धे वर्ष म्हणून धरला आणि तेवढीच अनिश्चितता हिशेबात लिहून ठेवली. म्हणूनच हिमयुग सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी संपले, या आकड्यापुढे सुमारे १०० वर्षांची कमीजास्त लिहिलेली असते, आणि ६०,००० वर्षांपर्यंत मोजत गेल्यावर ती अडीच हजार वर्षांच्या पुढे जाते. पाठ्यपुस्तकातल्या आकड्याला अशी शेपटी असू शकते, हे मुलांनी प्रथमच पाहिले, आणि खरे सांगायचे तर वर्गात ते इतक्या स्पष्टपणे मांडायचे मलाही सुचले नसते.

मोजणी चुकत असेल तर ती तपासायची कशी, हा भाग मुलांना घरच्यासारखा वाटला. आमच्या वरूड तालुक्यातील म्हाताऱ्या माणसांना लग्नाची तारीख आठवत नाही, पण ‘मोवाडच्या पुराच्या साली’ म्हटले की १९९१ हे वर्ष पक्के होते. बर्फात हे काम ज्वालामुखी करतात. १८१५ मध्ये तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्यातील गंधकाचे आम्ल ग्रीनलँड आणि अंटार्क्टिका अशा दोन्हीकडच्या बर्फात उतरले, आणि त्या थराची विद्युतवाहकता वाढलेली आढळते. वरच्या थरांत १९५० आणि १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांचा किरणोत्सारही तसाच सापडतो.

मूळ प्रश्न मात्र आठ लाख वर्षांचा होता, आणि तिथे आपण हातचे काही राखले नाही. तो बर्फ जिथला, त्या पूर्व अंटार्क्टिकातील डोम सी येथे वर्षाकाठी जेमतेम २५ मिलिमीटर पाण्याइतका बर्फ साचतो (आमच्याकडे जुलैतील एखादी सर याहून जास्त देऊन जाते), त्यामुळे तिथे वर्षे एकेक करून मोजता येत नाहीत. बर्फ दाबला जाऊन कसा पातळ होतो आणि वाहतो, याचे गणित मांडून वय काढावे लागते आणि ते खात्रीच्या खुणांना जुळवून घ्यावे लागते. सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वी पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटले, तेव्हा चुंबकीय कवच दुबळे होऊन वाढलेले बेरिलियम-१० (अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे हवेत तयार होणारे समस्थानिक) खोल थरांत सापडले, ही अशीच एक खूण.

बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांतील जुन्या हवेबद्दलचे आपले स्पष्टीकरण मी फळ्यावर आकृती काढूनच सांगितले. भुसभुशीत बर्फातील छिद्रे साधारण ५० ते १०० मीटर खोलीवर बंद होतात. तोवर वरची हवा आत खेळत राहते, म्हणून हवा बर्फापेक्षा तरुण असते, आणि डोम सीसारख्या कोरड्या जागी हा फरक काही हजार वर्षांचा होतो. कार्बन डायऑक्साइड आधी वाढला की तापमान, असे विचारणाऱ्याने हा फरक आधी वजा केला पाहिजे, हे आपले वाक्य मुलांच्या वहीत जसेच्या तसे आहे.

आलेखाच्या प्रती प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवल्या असून, तिन्ही गटांची उत्तरे त्यांच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत. पुढच्या आठवीला त्याच प्रती मोजायला देणार आहोत. त्यांची उत्तरे आपल्याला कळवण्याची परवानगी असावी, ही विनंती.

आपला नम्र,
विज्ञान शिक्षक
तालुका वरूड, जिल्हा अमरावती