वही वाचणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

प्रबंध जमा केला. ऋणनिर्देशात तुमचं नाव आहे, पण तिथे रीतीप्रमाणे सगळ्यांचीच नावं असतात. ज्यांनी वाट लावली, त्यांचीसुद्धा. म्हणून हे वेगळं पत्र.

झरियाच्या कोळशाचे कोअर, म्हणजे दंडगोल नमुने, माझ्याकडे होते. त्यांतल्या मिथेनचा दाब उतरवत गेलं की पर्मिएबिलिटी, म्हणजे कोळशातून वायू किती सहज वाहतो ते माप, आधी घसरायची आणि अगदी खालच्या दाबाला पुन्हा चढायची. आमच्याकडे निवाडा झाला, "लीक असणार, शेवटची रीडिंग काढून टाक." एका थोर गृहस्थांनी तर मोबाइलवरून नजरही न उचलता हे सांगितलं.

तुम्ही वही मागितलीत. एक्सेल नको म्हणालात. डबा अर्धाच झाला होता, तो झाकलात, हात धुतलेत, चष्मा पुसलात आणि पहिल्या पानापासून, माझ्या खाडाखोडीवरसुद्धा बोट फिरवत, वाचत गेलात. मध्ये चकार शब्द नाही. मग म्हणालात, "आकडे खरे दिसताहेत पोरी. एकदा हेलियम सोडून बघ."

हेलियम कोळशाला चिकटत नाही. त्याचा दाब उतरला की बाहेरच्या भाराने क्लीट, म्हणजे कोळशातल्या बारीक भेगा, नुसत्या आवळत जातात. पर्मिएबिलिटी घसरली ती घसरलीच, वर आली नाही. लीक असती तर हेलियम सगळ्यात आधी निसटला असता! मिथेन मात्र कोळशाच्या अंगात मुरलेला असतो. तो सुटला की कोळसा आकसतो, आणि तळ्यातला गाळ सुकताना भेगाळतो तशा क्लीट रुंदावतात. रुंदी दुप्पट झाली तर वाट जवळपास 8 पट मोकळी होते, त्यामुळे जरासं आकसणंही पुरतं. अमेरिकेतल्या सॅन वान खोऱ्यात कोळशातून गॅस काढताना विहिरी जुन्या होतील तशी पर्मिएबिलिटी वाढत गेलेली दिसली आहे. म्हणजे मी काही जगावेगळं मोजलं नव्हतं.

तुम्ही माझे गाइड नाही, कुठल्या कमिटीवर नाही. निवृत्त माणसाने अनोळखी मुलीच्या आकड्यांसाठी जेवण थांबवावं, याला काय म्हणायचं? हुशार माणसं पुष्कळ भेटली काका. समोरच्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारी फार थोडी, आणि संशोधन चालतं ते त्यांच्याच जिवावर, असं माझं आता ठाम मत झालंय.

प्रबंधाची प्रत कुरियरने पाठवतेय. आधी चौथं प्रकरण उघडा, दोन्ही वायूंचे आलेख तिथे शेजारी-शेजारी आहेत. चूक सापडली तर पेन्सिलीने नको, शाईनेच खूण करा.

तुमची,
वहीवाली