रंगाच्या दुकानात जाण्याआधी

नौपाडा, ठाणे
५ नोव्हेंबर

प्रिय मिलिंद,

नेरूळहून पाठवलेले फोटो नीट मोठे करून बघितले. दोन्ही जुन्या साइड टेबलांचे पाय शाबूत आहेत, मागच्या प्लायला ओल धरलेली दिसत नाही, घेतलीस ते छान केलंस. आता तू विचारतोयस की कुठला रंग आणू. त्याआधी ती टेबलं कशाची आहेत हे शोधून काढ, कारण पॉलिश पेपरचा नंबर, अस्तर (म्हणजे प्रायमर), रंग, अगदी स्क्रूसुद्धा त्यावरून ठरतात. रंगाचे पापुद्रे निघतात तेव्हा लोक रंगाला नावं ठेवतात आणि खोट बहुतेक वेळा खालच्या थरात असते.

खण पूर्ण बाहेर काढ आणि टेबल उलटं घाल. समोरून सगळी टेबलं सारखीच दिसतात, खालून दिसत नाहीत. फळीच्या कडेला आडव्या थरांच्या रेघा असतील तर प्लाय. दाबलेला भुसा दिसत असेल आणि जुन्या स्क्रूच्या भोकातून नखानं चुरा निघत असेल तर पार्टिकल बोर्ड. तोच चुरा पिठासारखा मऊ, एकाच खाकी रंगाचा असेल तर एमडीएफ. वरच्या फळीवरच्या रेषा टोकाच्या कापापर्यंत जाऊन तिथल्या रेषांना मिळत असतील तर लाकूड अखंड आहे. कडेला येऊन एकदम तुटत असतील तर वर फक्त व्हिनीअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, आहे. तुर्भ्याचं आयकिआ हे फर्निचरचं दुकान डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालं. तिथली आणि ऑनलाइन मिळणारी बरीच स्वस्त टेबलं आता तुमच्याकडे जुन्या मालात फिरत असतात. त्यांतली पुष्कळशी पार्टिकल बोर्डावर पातळ कागदी किंवा प्लास्टिकचा पापुद्रा चढवलेली असतात. ती रंगवता येतात, पण घासताना हात हलका हवा: पापुद्रा फाटला की खालचा भुसा उघडा पडतो आणि अस्तर पिऊन फुगतो.

टेबल अखंड सागाचं निघालं, तर मिलिंद, माझं एक ऐक. सगळं रंगवू नकोस. बाजू आणि खणांची तोंडं रंगव, वरची फळी मात्र घासून पॉलिश कर. सागाच्या रेषा एकदा रंगाखाली गेल्या की पुन्हा उघड्या करायला चौपट घासावं लागतं, आणि कोपऱ्यांत अडकलेला रंग शेवटपर्यंत निघत नाही.

आता जुना थर ओळखायचा. खणाच्या मागच्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा मिनिटभर दाबून धर. चिकट झालं, कापसाला तपकिरी रंग आला, तर ते लाखेचं पॉलिश. काही झालं नाही तर तेच एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरनं कर. मऊ पडलं तर एनसी लॅकर. दोन्हींनी ढिम्म हललं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन). मेलामाइन आणि पीयू काढत बसू नकोस, नुसतं घासून चकाकी घालव. लाखेचं पॉलिश घट्ट बसलेलं असेल तर तेही मुळापासून खरवडायची गरज नाही, त्याचा उपयोग पुढे सांगतो.

जुना ऑइल पेंट चढलेला असेल तर मात्र सांभाळ. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या छटांमध्ये. असा रंग कोरडा घासायचा नाही, मशीन तर लावायचंच नाही. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घास, निघालेला राडा जुन्या फडक्यानं उचलून पिशवीत बांध आणि ते फडकं धुवून परत वापरू नकोस. घरात लहान मूल रांगत असेल तर हे काम घरात करूच नकोस. कुठल्याही घासकामाला कापडी रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लाव.

खण काढल्यावर प्रत्येकाच्या पाठीमागे पेन्सिलीनं नंबर घाल. जुने खण एकमेकांच्या जागी क्वचितच नीट बसतात. कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे थोडे थेंब टाकून सगळं पुसून घे, पिळलेल्या फडक्यानं, ओतलेल्या पाण्यानं नव्हे. वाळल्यावर टर्पेंटाइनचा एक हात फिरव. फर्निचरवर मारायच्या चकाकीच्या स्प्रेमध्ये सिलिकॉन असतं. ते राहिलं तर रंग लावल्या लावल्या जागोजागी गोल डोळे उघडल्यासारखा मागे सरतो. तसं झालंच तर वरून आणखी रंग थापू नकोस. पुसून टाक, पुन्हा धू.

सांधे हलत असतील तर आत्ताच बघ, रंगानंतर उशीर होतो. चूळ (सांध्याच्या खाचेत बसलेलं टोक) बाहेर ओढून जुना वाळका डिंक पटाशीनं खरवड, कारण नवा फेव्हिकॉल लाकडात शिरतो, जुन्या डिंकावर धरत नाही. क्लॅम्प नसेल तर सुती दोरी गुंडाळून काडीनं पीळ दे. मग समोरच्या चौकटीची दोन्ही तिरकी मापं घे. त्यांत २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर चौकट वाकडी आहे आणि खण अडकणार. फेव्हिकॉल ओला असतानाच ती दाबून सरळ कर. मग २४ तास हात लावायचा नाही. बारीक भोकं आणि खाली पिठाची ढिगुळी दिसली तर तो भुंगा. लाकडासाठीचं तेलकट वाळवीनाशक सिरिंजनं प्रत्येक भोकात भर, दोन दिवस प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेव, उघडल्यावर पूर्ण वाळू दे, मगच पुढचं काम.

घासण्याला १८० नंबरनं सुरुवात कर, २२० वर थांब. लाकडाच्या रेषेच्या दिशेनंच घास. आडवं घासलेले ओरखडे कच्च्या लाकडावर दिसत नाहीत, दुसऱ्या हातानंतर उठून येतात. व्हिनीअर बहुतेक वेळा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, कोपऱ्यांवर जोर दिलास तर खालची प्लाय उघडी पडेल. खड्डे एनसी पुट्टीनं भर, पातळ थरांत, एका थरानंतर दुसरा. भिंतीची सिमेंटवाली पुट्टी घरात उरलेली असेल तरी लाकडाला लावू नकोस: लाकूड हवेबरोबर फुगतं-आकसतं, ती ताठ राहते, आणि पहिल्याच पावसाळ्यात तडकते.

अस्तराकडे सगळ्यात जास्त लक्ष दे. साधं लाकूड किंवा प्लाय असेल तर पांढरा ऑइल वुड प्रायमर पुरतो. सनमायका असेल तर तो पुरत नाही. सनमायकाला छिद्रं नाहीत, रंगाला धरायला जागा नाही. १८० नंबरनं घासून सगळीकडची चकाकी एकसारखी घालव, तिरप्या उजेडात बघितलं की राहिलेले तुकडे चमकतात. थिनरनं पुस आणि दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर लाव. दोन्ही भाग डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळ, अंदाजानं नाही. हार्डनर (दुसऱ्या डब्यातला भाग) कमी पडला तर प्रायमर महिनाभर चिकट राहील. सनमायकाचा कोपरा उचललेला असेल तर आधी फेव्हिकॉल एसआर ९९८ दोन्ही बाजूंना लाव, दहा-पंधरा मिनिटं हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांब, मग दाब. प्रायमर २४ तास वाळला की ब्लेडनं जाळीसारख्या चार उभ्या, चार आडव्या चिरा मार, वर सेलोटेप घट्ट चिकटव आणि झटक्यात ओढ. टेपबरोबर चौकोन निघाले तर खाली मेण किंवा चकाकी राहिली आहे. हे मागच्या बाजूला करून बघ. दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढचे चार दिवस वाया जाण्यापासून वाचतात.

सागाची अडचण वेगळी. सागात रंगीत तेलकट द्रव्यं असतात आणि पाण्याच्या अस्तरानं ती वर ओढली जातात. पांढऱ्यावर चहा सांडल्यासारखे पिवळे डाग येतात, आणि वरून कितीही हात मारले तरी ते परत येतात. इथे ते लाखेचं पॉलिश कामाला येतं, लाख या डागांना अडवते. आधीचं पॉलिश नसेल तर २०० मिली स्पिरिटमध्ये ३० ग्रॅम चपडा (लाखेच्या पातळ चकत्या) रात्रभर भिजत घाल, वरचं निवळ घे आणि पातळ दोन हात दे. तासाभरात वाळतं. त्यावर ३२० नंबरचा पेपर हलका फिरवून प्रायमर.

रंग म्हणजे सॅटिन इनॅमल घे. ग्लॉसमध्ये जुन्या टेबलाचा प्रत्येक खड्डा उठून दिसतो. पांढरा किंवा हस्तिदंती हवा असेल तर पाण्याचा इनॅमल घे, कारण तेलाचा पांढरा रंग पिवळा पडतो, आणि तोही अंधाऱ्या जागी जास्त. गडद निळा, हिरवा, राखाडी असेल तर तेलाचा चालेल, तो जास्त सपाट बसतो. ४५ बाय ४० बाय ५० सेंटिमीटरच्या एका टेबलाचं बाहेरचं क्षेत्रफळ साधारण १ चौरस मीटर धर. दोन टेबलं, दोन हात, म्हणजे ४ चौरस मीटर. ५०० मिलीचा डबा सहज पुरतो. प्रायमर तेवढाच, टर्पेंटाइन ५०० मिली, १८० आणि २२० चे चार-चार कागद, ३२० चे दोन. मशीनवर छटा बनवून घेणार असशील तर बहुधा १ लिटरचाच डबा घ्यावा लागेल.

तेलाच्या रंगात टर्पेंटाइन ५ ते १० टक्के घाल, एनसी थिनर नको. तयार इनॅमलवर एनसीचं काहीही मारलं की खालचा थर उकलून सुरकुततो. रंग मलमलीतून गाळून वाटीत घे, डब्यात ब्रश बुडवू नकोस. सपाट जागा ४ इंची फोम रोलरनं, कोपरे दीड इंची ब्रशनं. रंगवायची बाजू प्रत्येक वेळी आडवी करून घे, ओघळ येणार नाहीत. एकदा पसरलेल्या रंगावर पाच मिनिटांनी परत ब्रश फिरवायचा मोह होतो. तेवढ्यात वरची साय धरू लागलेली असते आणि ब्रशच्या रेघा कायमच्या राहतात. आज सकाळी एक हात, उद्या सकाळी दुसरा, मध्ये ३२० नंबर हलका. पहिला अर्धवट ओला असताना दुसरा जाड हात दिलास तर सुरकुत्या पडतील. तू वेळ मात्र अचूक साधली आहेस. पाऊस गेलाय, आत्तापासून फेब्रुवारीपर्यंत आपल्याकडे रंग सगळ्यात चांगला वाळतो. हेच जुलैत केलं असतंस तर तेलाचा रंग दोन-दोन दिवस बोटाला लागला असता.

खणाच्या बाजू आणि सरकपट्ट्या रंगवू नकोस, फक्त तोंड रंगव. रंगाचे थर आणि पावसाळ्यात फुगलेलं लाकूड मिळून एवढीशी फट भरून जाते आणि खण ओढून निघत नाही. लाकडी सरकपट्टी असेल तर पांढरी मेणबत्ती घास, तेल नको. टेलिस्कोपिक चॅनल (खण सरकण्याची धातूची पट्टी) बसवणार असशील तर खण आणि बाजू यांच्यात दोन्हीकडे चार-चार सूत मोकळं हवं, म्हणजे साडेबारा ते तेरा मिमी. कमी असेल तर खण अडकतो, जास्त असेल तर डुगडुगतो. जास्त असल्यास सनमायकाची पट्टी मागे घालून भर. आतली खोली १३ इंच असेल तर चॅनल १२ इंची. स्क्रू आधी लांबट भोकांत मारून खण सरकवून बघ, वर-खाली जुळव, मगच गोल भोकांत पक्के कर. पार्टिकल बोर्डात स्क्रू हातानं पीळ. मशीननं एक फेरा जास्त झाला की भोक फिरतं, मग ८ मिमीचा लाकडी डॉवेल फेव्हिकॉल लावून ठोकल्याशिवाय तिथे काही धरत नाही.

हँडल घेताना दोन भोकांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोज. नव्या हँडलांत ९६ आणि १२८ मिमी सर्रास मिळतं, जुन्या टेबलांवर बऱ्याचदा ३ इंच म्हणजे ७६ मिमी असतं. जुन्या टेबलाला ९६ चं हँडल लावलंस तर प्रत्येक नवं भोक जुन्यापासून जेमतेम १० मिमीवर पडेल. पुट्टीनं भरलेल्या जुन्या भोकाशेजारी ड्रिल लावलं की पुट्टी फुटते आणि बिट तिकडे घसरतं. म्हणून जुनी भोकं लाकडी काडी आणि फेव्हिकॉलनं भर, कापून सपाट कर, आणि हे सगळं प्रायमरच्या आधी. नवी भोकं रंगानंतर पाड. पुठ्ठ्याचा साचा एकदाच काप, तोच चारही खणांना लाव. तोंडावर मास्किंग टेप, मागून लाकडाचा ठोकळा घट्ट दाबून, ५ मिमीचं बिट. ठोकळा नसला की मागची प्लाय फाटून सालं निघतात. खणाला दुहेरी तोंड असेल, १८ मिमीचं बाहेरचं आणि १२ चं पेटीचं, तर हँडलबरोबर येणारा २५ मिमीचा स्क्रू पोचणारच नाही, ४० चा मागून घे. आणि खाडीच्या हवेत मुलामा दिलेलं हलकं जस्ताचं हँडल घेऊ नकोस, त्यावर वर्ष-दोन वर्षांत पुरळ उठतं. एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) किंवा भरीव पितळ घे. पितळ काळवंडेल, पण चिंच लावली की उजळतं.

पायांचे तळवे विसरू नकोस. रोज लादी पुसली जाते आणि पाणी तिथूनच वर चढतं. तळव्यांना प्रायमरचे दोन हात आणि खाली नायलॉनचे बुश. टेबल भिंतीपासून इंचभर पुढे ठेव, पावसात बाहेरच्या भिंतीला ओल येतेच. शेवटच्या हातानंतर दोन-तीन आठवडे वर दिवा, तांब्या, फोन काही ठेवू नकोस. रंग हाताला कोरडा लागतो, पण आतून मऊच असतो, आणि तांब्याच्या बुडाचं गोल वर्तुळ उमटलं की ते पुसून जात नाही.

दुकानात जाण्याआधी मला तीन गोष्टी कळव: कडेवर थर दिसतात की भुसा, स्पिरिटनं काय झालं, आणि खण व बाजू यांच्यात किती सूत मोकळं आहे. मग नंबरानिशी यादी लिहून पाठवतो.

तुझा,
श्रीपाद