खुरपणीचे पन्नास रुपये

वाळूज,
३० नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

दिवाळीनंतर घरून निघताना बाबा माझ्याशी नीट बोलले नाहीत, आणि बस औशाच्या पुढे आल्यावर माझ्या लक्षात आले की मीही त्यांच्याशी नीट बोलले नव्हते. निमित्त खुरपणीचे होते. बायांनी यंदा दिवसाची हजेरी ३०० रुपयांवरून ३५० केली, काढणीचे गुत्तेही चढले, आणि बाबा म्हणाले की सरकारने मजुरी वाढवून वाढवून शेतीचे वाटोळे केले. त्यावर मी तावातावाने म्हणाले की सात बायांच्या पन्नास रुपयांनी कोणी बुडत नाही. महिनाभर ते वाक्य मनात घोळत राहिले. शेवटी आईकडून हिशेबाच्या वहीचे फोटो मागवले, दोन रात्री बसून आकडे मांडले, आणि माझे वाक्यही चुकीचे होते हे कळले. फोनवर बाबा मध्येच "बरं, ठेव आता" म्हणतात, म्हणून हे पत्र.

आधी आपल्या वहीचेच सांगते. सोयाबीनला एकरी दोन खुरपण्या, दर खुरपणीला सात बाया, म्हणजे १४ हजेऱ्या. पन्नासप्रमाणे ७०० रुपये वाढले. काढणीचे गुत्ते गेल्या वर्षापेक्षा एकरी ८०० रुपयांनी जास्त गेले. दोन्ही मिळून एकरी १,५०० रुपयांचा वाढीव बोजा. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने एकरी पाचच क्विंटल हाती लागले, त्यामुळे क्विंटलमागे ३०० रुपये झाले. बरे वर्ष असते आणि दहा क्विंटल उतरले असते, तर हाच बोजा १५० वर आला असता. म्हणजे त्यातला निम्मा भार बायांनी नव्हे, पावसाने टाकला. तरीही ३०० रुपये ही दुर्लक्ष करण्याजोगी रक्कम नाही, आणि घामाच्या पैशाचा हिशेब मी एका वाक्यात उडवून लावला, याची मला लाज वाटते.

पण बाबा, त्याच वहीत अडत दुकानाची पट्टी चिकटवलेली आहे. तिच्यावर भाव आहे ४,१०० रुपये. यंदाचा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये. क्विंटलमागे १,२२८ रुपये तुम्ही मोंढ्यात सोडून आलात, आणि ते मजुरीच्या वाढीच्या चौपट आहेत. त्याबद्दल तुम्ही घरात चकार शब्द काढला नाही. बहुधा त्याची इतकी सवय झाली आहे की त्याला तोटा म्हणावे असेही आता वाटत नाही. मजुरीचे पन्नास रुपये मागणारी बाई अंगणात समोर उभी असते, तिच्याशी भांडता येते; ४,१०० चा भाव लावणारा समोर नसतो.

माझ्या मते सगळ्या गोष्टीचे मर्म इथेच आहे. मजुरी वाढली की वस्तू महाग होते, असे आपण सहज म्हणतो. पण ज्याला वाढलेला खर्च पुढच्याच्या गळ्यात घालता येतो, त्याच्याच वस्तूची किंमत वाढते. सोयाबीनचा भाव बाहेरून किती तेल आले, त्यावर आयात शुल्क किती आहे, पेंडीला मागणी किती आहे यांवर ठरतो. खुरपणी ३०० ने झाली की ३५० ने, हे तिथे कोणी विचारत नाही. म्हणून आईने किराणा दुकानातून आणलेली तेलाची पिशवी महाग झाली, त्यात आपल्या शिवारातल्या बायांचा काडीचा दोष नाही, आणि बायांना दिलेले जास्तीचे पैसे भावातून वसूल करण्याची सोय तुमच्याकडे नाही. ती वाढ तुमच्याच खिशातून जाते. साखळीतले तुम्ही शेवटचे, आणि तुमच्या खालोखाल त्या बाया.

उसाचेही तसेच आहे. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोड कामगारांच्या तोडणी दरात ३४ टक्के वाढ ठरली तेव्हा मला आनंद झाला होता, कारण ऐन थंडीत पहाटे फडात उतरणारे कोयते मी लहानपणापासून पाहिले आहेत. उचल फेडण्यात आणि मुकादमाच्या हिश्शात त्या वाढीतले किती गळते, तो वेगळाच विषय. मुद्दा असा की एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, धरली जाते ती कारखान्याच्या दारात पोचलेल्या उसाची, म्हणून तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्याच बिलातून कापला जातो. इकडे साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ पासून ३१ रुपये किलोवर थांबलेला आहे. तोडणाऱ्याला दोन पैसे जास्त मिळाले ते रास्तच होते, पण ते आपल्या एका एकराच्या बिलातून गेले.

आता माझ्या इकडची बाजू सांगते. आमच्याकडे गाड्यांचे सुटे भाग बनतात, आणि ज्या गुत्तेदाराकडे मी पगारपत्रक करते त्याची साठ माणसे तिथे कामाला आहेत. शंभर रुपयांच्या भागात या माणसांची मजुरी जेमतेम आठ रुपये. बाकी पोलाद, वीज, यंत्रे, वाहतूक. मजुरी दहा टक्क्यांनी वाढली तर त्या भागाची किंमत ८० पैशांनी वाढायला हवी, त्याहून जास्त नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने सरकारने उद्योगवार दर ठरवायचे आणि जास्तीत जास्त पाच वर्षांनी त्यांचा फेरविचार करायचा, अशी आजवरची रीत. शिवाय आपल्या राज्यात महागाईचा निर्देशांक पाहून दर सहा महिन्यांनी विशेष भत्ता बदलतो. भत्त्याचा नवा आकडा आला की आमच्या ऑफिसात दोन दिवस सुतक असते. वरची कंपनी ते ८० पैसेही सुखासुखी देत नाही, कारण वर्षाचा दर आधीच ठरलेला असतो. मग गुत्तेदार ते खालून काढतो. दोन माणसे कमी होतात, उरलेल्यांचे टार्गेट वाढते, आणि ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर असताना एकेरीच लावला जातो.

एक गोष्ट मी तुम्हाला आजवर सांगितली नव्हती. गेल्या जानेवारीत वाढलेला पगार सगळ्यांच्या बँक खात्यात पूर्ण जमा झाला, आणि दुसऱ्याच दिवशी सुपरवायझर गेटजवळ वही घेऊन उभा राहिला. प्रत्येकाने वाढीची रक्कम काढून रोख आणून द्यायची, आणि त्याने नावापुढे खूण करायची. कागदावर कायदा पाळला गेला. ती वही माझ्याच टेबलावर तयार होत होती, रेघा मी आखत होते. जुलैत मी ती लिहायला नाही म्हणाले. नोकरी गेली नाही. वही मात्र दुसऱ्या टेबलावर गेली. दिवाळीत तुमच्यापुढे मजुरांची बाजू घेऊन मी जो आवाज चढवला, त्यामागे हे होते, बाबा. तुमच्यावरचा राग तो नव्हता.

एका विभागात मात्र कंपनीने स्वतः लक्ष घातले आणि माणसांना पूर्ण पगार हातात राहिला. तिथे पूर्वी महिन्याला सात-आठ जण थोड्याशा जास्त पैशांसाठी शेजारच्या कंपनीत निघून जात, आणि नवा माणूस हाताखाली तयार होईपर्यंत कितीतरी माल बाद होई. गेल्या दहा महिन्यांत त्या विभागातून दोघेच गेले. बाद मालाचा आकडा खाली आला तेव्हा जे मालक भत्त्याच्या नावाने बोटे मोडत होते, त्यांनीच तो आकडा बैठकीत कौतुकाने वाचून दाखवला. भत्त्याचा उल्लेख अर्थातच केला नाही.

वाढलेल्या पैशाचे पुढे काय होते, तेही पाहिले आहे. माझ्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे, तिथे परभणी-हिंगोलीकडची मुले राहतात. पगार वाढल्याचे कळताच खोलीवाल्याने भाडे २,८०० वरून ३,२०० केले. ना फरशी बदलली, ना नळाला पाणी वाढले. खोल्या तेवढ्याच आणि माणसे रोज नवी, त्यामुळे त्याला कोणी जाब विचारू शकत नाही. डबा देणाऱ्या मावशींनीही महिन्याला २०० रुपये वाढवले, पण त्यांनी पोळ्या लाटणाऱ्या दोघींचा पगार खरोखरच वाढवला होता. दोन्ही वाढी मुलांच्या खिशातूनच गेल्या, तरी दोन्ही मला सारख्या वाटत नाहीत.

बाबा विचारतील की शिकलेले लोक काय म्हणतात. त्यांच्यातही एकमत नाही. १९९२ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला ४.२५ वरून ५.०५ डॉलर केले, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते तसेच राहिले. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या खाणावळी पाहिल्या, तर वेतन वाढलेल्या बाजूला नोकऱ्या घटल्याचे त्यांना आढळले नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले. उलट त्याच वर्षी तिथल्या संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने अंदाज दिला की वेतन टप्प्याटप्प्याने १५ डॉलरवर नेले तर ९ लाख लोक गरिबीतून वर येतील आणि १४ लाख नोकऱ्या जातील. मला यातून एवढेच कळते की वाढ किती, कुठे आणि ती देणाऱ्याच्या पदरात काय उरते, हे पाहिल्याशिवाय तोंड उघडू नये. मी दिवाळीत नेमके न पाहताच तोंड उघडले.

आई, तुझ्याजवळ या सगळ्याचे सरळ माप आहे, ते मला उशिरा उमगले. बाहत्तरच्या दुष्काळात तू आजीबरोबर खडी फोडायला जायचीस, तिथे सुकडी मिळायची आणि घरी मिलोच्या भाकरी व्हायच्या, हे आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे. पण एकदाही तू हजेरीचे रुपये सांगितले नाहीस. आठवड्याच्या पगारात किती पायली ज्वारी आली, ते सांगायचीस. १९५७ च्या श्रम परिषदेने किमान वेतन कसे ठरवावे हे सांगितले तेव्हा हेच माप घेतले होते: कुटुंबाला लागणारे अन्न, वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, सरपण. मुलांचे शिक्षण आणि औषधपाणी त्यात धरायला १९९१ उजाडावे लागले, तेही सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. तुझी खडी ज्या कामांवर फुटली, त्यांतूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला, आणि त्याच वाटेने देशाचा २००५ चा. यंदा हमीच्या कामाचा आपल्या राज्यातला दर ३१२ रुपये आहे. म्हणजे ३०० वर अडून बसलेले आपण सरकारच्या खडीपेक्षाही कमी देत होतो, आणि बायांना तो आकडा ठाऊक होता.

तुझ्याच मापाने बायांची हजेरी मोजून पाहा. दोन वर्षे ती ३०० वरच होती, आणि त्या दोन वर्षांत किराण्याचे काय झाले ते तुझ्या यादीत आहे. वाढलेल्या पन्नासातले निम्म्याहून अधिक तर मागची झीज भरून काढण्यातच गेले असतील. आणखी एक गोष्ट बाबांनी रागावू नये. फवारणीला येणाऱ्या गड्याला आपण ५०० देतो आणि दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बाईला ३५०. पाठीवर पंप घेणे सोपे नाही, हे मान्य. पण दीडशेचा फरक पंपाचा आहे की लुगड्याचा, हे मी आपल्याच घरात विचारणार नाही तर कुठे विचारू?

नव्या वेतन संहितेचेही तुमच्या कानावर आलेच असेल. ती २१ नोव्हेंबरपासून लागू झाली आहे आणि किमान वेतनाचा हक्क आता यादीतल्या उद्योगांपुरता राहिलेला नाही. आमच्या ऑफिसात तिची मोठी चर्चा आहे. शेतमजुरांसाठी दर तर पूर्वीपासून जाहीर होतात, पण आपल्या शिवारात तो विचारायला एकही अधिकारी आल्याचे मला आठवत नाही, त्यामुळे गावात दर ठरतो तो अजूनही पारावर आणि गरजेवर.

हरभऱ्याची खुरपणी जवळ आली आहे. ३५० च द्या, घासाघीस करू नका. सात जणींचे वाढीव साडेतीनशे रोज मी पाठवीन. हे दान म्हणून नाही, जुलैपर्यंत त्या वहीच्या रेघा मी आखल्या म्हणून समजा. सोयाबीनचे उरलेले कट्टे मात्र इतक्यात मोंढ्यावर नेऊ नका. हमीभाव केंद्रावरची नोंदणी आणि ओलाव्याची अट मी इथून विचारून कळवते. तोवर माल पत्र्याखाली कोरडा राहील एवढे पाहा आणि अडतीची पट्टी हरवू देऊ नका.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, मी दोन दिवस रजा टाकून येते. आईने आंबिलीची घागर एक जास्त भरावी आणि भज्जीला पातेले मोठे काढावे, कारण त्या सातही जणींना मी शेतात जेवायला यायचे सांगितले आहे. बाबांना विचारले नाही, ते आता विचारते.

तुमची,
धाकटी