ओंकारच्या इकोबद्दल

प्रिय मीना,

तुझा मेसेज आला तेव्हा मी दिवसाची शेवटची इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आटोपून हात पुसत होते. "पोरगं बरं झालंय, सहा वर्षं झाली. आता परत कशाला ते मशीन, आणि वर हा संशोधनाचा फॉर्म?" फोनवर हे मला धड सांगता आलं नसतं. तुझा आवाज भरून आला की माझंही बोलणं खुंटतं. म्हणून लिहायला बसले.

ते लाल औषध आठवतंय? पहिल्यांदा ते नळीतून उतरायला लागलं तेव्हा तू माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतंस. संध्याकाळी ओंकारला लघवी लाल झाली आणि रक्त पडतंय म्हणून तू नर्सकडे धावलीस. ते डॉक्सोरुबिसिन. इटलीतल्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेलं, आणि ॲड्रियाटिक समुद्रावरून ॲड्रियामायसिन नाव पडलेलं. त्याच्यावर मला कधी राग धरता येत नाही. केमो नव्हती तेव्हा ओंकारसारख्या हाडाच्या कॅन्सरच्या गाठीत नुसता पाय कापायचे, आणि तरीही पाचातलं जेमतेम एक मूल वाचायचं. आता गाठ दुसरीकडे पसरलेली नसेल तर दहातली सहा-सात मुलं वाचतात. आपला ओंकार त्यांतला एक.

पण हेच औषध हृदयाच्या पेशींनाही इजा करतं. त्या पेशी कातडीसारख्या भराभर नव्या होत नाहीत. गेल्या त्या जवळजवळ गेल्याच. अकरा वर्षांच्या मुलाचं हृदय अजून वाढायचं असतं. पुढे उंची वाढते, अंग भरतं, आणि उरलेल्या पेशींना सगळा भार उचलावा लागतो. ओंकारच्या पद्धतीच्या उपचारात सहा वेळा मिळून चौरस मीटरमागे ४५० मिलिग्रॅम औषध जातं. २५०च्या पुढे धोका जास्त धरतात, आणि अशा मुलांची दर दोन वर्षांनी इको करावी असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. त्रास होत असो वा नसो, आणि तो चाळिशीत गेला तरीही.

हे आम्हाला कळलं कुठून? बऱ्या झालेल्या मुलांकडूनच. रक्ताच्या कॅन्सरसाठी हे औषध घेऊन १ ते १५ वर्षं झालेल्या ११५ मुलांची तपासणी करून १९९१मध्ये एक अभ्यास छापून आला. त्यांतल्या ५७ टक्के मुलांच्या हृदयाच्या कामात काही ना काही दोष निघाला. त्या आयांनाही डॉक्टरांनी "बरं झालं" म्हणूनच घरी पाठवलं असणार. तरी त्या मुलांना घेऊन परत आल्या.

याच आठवड्यात माझ्याकडे एक बाई आली होती, पोटातल्या बाळाच्या हृदयात गाठी दिसल्या म्हणून. इकोच्या करड्या पडद्यावर डाव्या कप्प्याच्या भिंतीला चिकटलेले तीन पांढुरके गोळे, हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी हलणारे. नवऱ्याने विचारलं, "ऑपरेशन कधी?" मी खुर्ची त्यांच्या जवळ ओढून बसले. म्हटलं, या गाठींना रॅब्डोमायोमा म्हणतात. लहान मुलांच्या हृदयात सुरू होणाऱ्या गाठींत ही सगळ्यांत जास्त आढळणारी, आणि बहुतेक वेळा जन्मानंतरच्या काही वर्षांत आपोआप आकसते. रक्ताची वाट अडली किंवा ठोके बिघडले तरच हात घालायचा. अशा गाठी एकाहून जास्त असल्या तर बहुधा मागे ट्यूबरस स्क्लेरोसिस नावाचा जनुकीय आजार असतो, म्हणून पुढे मेंदू, मूत्रपिंड, त्वचा सगळं तपासत राहावं लागेल, तेही सांगितलं. ते सांगणं सोपं नव्हतं. पण छाती उघडू नका हे मी ठामपणे म्हणू शकले ना, ते कशाच्या जोरावर? कुणीतरी आपलं हसतंखेळतं बाळ पुन्हा पुन्हा इकोला आणलं, गाठ मोजू दिली, दोन मिलिमीटर कमी झाली ते लिहू दिलं. ती बाळं आलीच नसती तर आम्ही आजही घाबरून छाती उघडत बसलो असतो.

आजार दुर्मीळ असला की एकेक मूल मोलाचं होतं, मीना. ओंकारच्याच गाठीसाठी १७ देशांनी मिळून एक अभ्यास केला, २००५ ते २०११. एवढ्या वर्षांत सगळे मिळून २,२६० रुग्ण जमले. पहिल्या केमोने गाठ पुरेशी न मेलेल्यांना आणखी दोन औषधं देऊन पाहिली. उपयोग झाला नाही, त्रास मात्र वाढला. मला हा निकाल फार मोठा वाटतो. पुढच्या किती मुलांचा तो जास्तीचा जाच वाचला!

माणसं थोडी असली की चूकही होते, हेही तुझ्यापासून लपवणार नाही. डॉक्सोरुबिसिनपासून हृदयाला वाचवणारं डेक्सराझॉक्सेन नावाचं औषध आहे. एका अभ्यासात ते घेतलेल्या मुलांत दुसरा कॅन्सर जास्त दिसल्याची शंका आली, आणि २०११मध्ये युरोपात १८ वर्षांखाली ते बंद केलं. पुढे आणखी मुलांची माहिती हाताशी आली तेव्हा मोठा डोस लागणाऱ्या मुलांसाठी २०१७मध्ये ती बंदी उठली. मधली सहा वर्षं मला अजून खुपतात.

आणि एक मुलगी. तिचं नाव लिहीत नाही. लहानपणी केमो झालेली, मोठेपणी जिना चढताना धाप लागायची. दम्याचे फवारे दिले गेले. माझ्याकडे आली तेव्हा हृदय निम्म्याहून कमी ताकदीनं चालत होतं. लहानपणी काय औषध झालं, किती झालं, तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. आधी कळलं असतं तर गोळ्या तेव्हाच सुरू करता आल्या असत्या. आता इकोत स्ट्रेन मोजतात, स्नायू किती आखडतो ते. पंप करण्याची ताकद अजून ठीक दिसत असते तेव्हाच तो कधीकधी घसरलेला सापडतो. म्हणून "त्याला काही होत नाहीये" या वाक्याने माझं समाधान होत नाही. त्याचं बीपीही मोजून घेत जा. या औषधानंतर बीपी वाढलेलं राहिलं तर हृदयाचा धोका पुष्कळ वाढतो.

आता फॉर्म. शेवटून वाच. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्याने उपचारात फरक पडत नाही, हे त्यात लिहिलंय का ते आधी पाहा. नसेल तर सही करू नको, मला फोन कर. नवीन औषध काहीच द्यायचं नाहीये. इको, रक्त आणि थोडे प्रश्न. रक्त किती वर्षं साठवणार आणि निकाल तुम्हाला सांगणार का, हे मात्र विचारून घे.

आणि ओंकारला समोर बसव. सतरा वर्षांचा आहे. तेव्हा त्याला कुणी विचारलं नव्हतं, विचारण्यासारखी वेळही नव्हती. या वेळी त्याने स्वतः वाचू दे. नाही म्हणाला तर फॉर्म कोरा परत दे, मला वाईट वाटणार नाही. इकोला मात्र मावशी सोडणार नाही म्हणावं.

एक काम आजच कर. त्याच्या जुन्या फाइलमध्ये डिस्चार्जच्या कागदांमागे केमोचा तक्ता असेल, तारखा आणि डोस लिहिलेला. त्याचा फोटो मला पाठव, आणि एक प्रत ओंकारच्या फोनमध्ये ठेव.

तुझी,
सुधा