ग्रिसेल्डाचे जुने कपडे

प्रिय नलू,

परवा फोनवर तू म्हणालीस, "मी सोसते म्हणून घर चाललंय." तेव्हा मी नुसतं हं हं केलं. फोन ठेवला आणि बोकाच्चो या इटालियन लेखकाचं शंभर गोष्टींचं 'डेकामेरॉन' काढून बसले. त्यातली शेवटची, शंभरावी गोष्ट. तुला कधीतरी सांगितली होती बहुतेक.

सालुझ्झोचा सरदार ग्वाल्तिएरी. लग्न कर म्हणून लोक मागे लागले, तर यानं एका गरीब शेतकऱ्याची मुलगी केली, ग्रिसेल्डा. आणि मग तिची परीक्षा बघत बसला. तान्ही मुलगी नेली, पुढे मुलगाही. मारून टाकले असंच तिला भासवलं. (मुलं बोलोन्यात एका नातेवाइकांकडे मजेत वाढत होती.) शेवटी हिला घालवून दिलं, का तर दुसरी करायचीय! अंगावरच्या एका सदऱ्यानिशी, अनवाणी बाहेर. तो सदराही तिला मागून घ्यावा लागला.

बोकाच्चोचा मित्र, कवी पेत्रार्क यानं 1373 मध्ये ही गोष्ट लॅटिनमध्ये नेली आणि देवाची परीक्षा माणसानं अशी सोसावी, असा बोध तिला चिकटवला. मला त्या बोधाचा भारी राग आहे. पण त्यानंच लिहिलंय, पदुआच्या एका मित्राला वाचताना हुंदका आवरेना. वेरोनाचा दुसरा मात्र डोळ्यांत टिपूस न आणता वाचून मोकळा झाला, म्हणाला, अशी बाई असणंच शक्य नाही. तू पदुआवाली. मीही होते, चाळिशीपर्यंत.

आता मला तिचं एकच बोलणं आठवतं. नव्या नवरीसाठी ग्वाल्तिएरीनं हिलाच कामाला बोलावलं; हिनंच घर झाडलं, स्वयंपाकाचं बघितलं. ती नवरी म्हणजे हिचीच बारा वर्षांची लेक, हिला पत्ताच नाही. कशी वाटते, असं त्यानं विचारल्यावर चांगली म्हणाली, आणि वर म्हणाली, पहिलीला टोचलंत तसं हिला टोचू नका, ही लाडात वाढलीय. भर पंगतीत, नलू! पुढे त्यानं सगळं उघड केलं, मुलं परत मिळाली, सगळे खूश. तो भाग मी भराभर उलटते.

आणि तिचा बाप. लग्नाच्या दिवशी दारात, सगळ्यांदेखत तिची जुनी वस्त्रं उतरवली होती. ती त्यानं जपून ठेवली. हे लग्न टिकेल यावर त्याचा एक दिवसही विश्वास बसला नव्हता. पोर परत आली तेव्हा तेच कपडे तिनं घातले आणि कामाला लागली.

दिवाळीत तू विसरलेला गाऊन इथेच आहे. धुऊन ठेवलाय. पोस्टानं पाठवणार नाही.

तुझी,
मंदा