चौथा रविवार

दोंडाईचा,
१५ जानेवारी २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा घरात द्वारदर्शनाला, म्हणजे सांत्वनाला, आलेल्यांची इतकी गर्दी होती की तुझ्याशी धड चार वाक्येही बोलता आली नाहीत. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, गंधमुक्तीच्या विधीला येणे झाले नाही म्हणून तू मनाला लावून घेतले आहेस, ते सोडून दे. तुझ्या घरचे आजारपण आप्पांनाही ठाऊक होते, आणि तू कामधाम व घरचे आजारी माणूस टाकून आला असतास तर तेच तुला आल्या पावली परत पाठवते.

आप्पा गेले ते दत्तजयंतीनंतरच्या आठवड्यात, सारंगखेड्याची यात्रा ऐन भरात असताना. आदल्या संध्याकाळी त्यांनी घोडे पाहायला जायचे ठरवले होते आणि धुतलेले धोतर खुंटीवर काढून ठेवले होते. पहाटे चारला उठून त्यांनी पाणी मागितले, माय तांब्या घेऊन येईपर्यंत सगळे आटोपले होते. दुखणे नाही, दवाखाना नाही. यापेक्षा जास्त सांगण्यासारखे त्यात काही नाही.

पत्र लिहायला बसलो त्याला कारण निराळेच आहे. तिसऱ्या दिवशी बसायला आलेले आमचे एक दूरचे नातलग, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, सगळ्यांच्या देखत म्हणाले की माणूस सोन्यासारखा होता, पण त्याचे लक्ष प्रपंचात कमी. सहा दिवस रूळ आणि सातव्या दिवशी नदी, यातच त्याचा जन्म गेला. मी काही बोललो नाही, कारण अशा बैठकीत कोणी वाद घालत नाही. पण ते वाक्य अजून काट्यासारखे सलते आहे, आणि ते खोटे आहे हे घराबाहेरच्या एकाच माणसाला पुराव्यानिशी माहीत आहे, तो म्हणजे तू.

आप्पांची नोकरी नेमकी काय होती हे शाळेत असताना आपल्या दोघांनाही नीट कळले नव्हते. ते जळगाव-सुरत मार्गावर कीमन होते, रूळ राखणाऱ्या मजुरांच्या गँगच्या भाषेत चावीवाले. रोज सकाळी खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, पाना, लाल-हिरवे बावटे आणि पत्र्याच्या डबीत गाडीला इशारा देण्याचे फटाके असा संसार घेऊन आपल्या वाट्याच्या पाच-सहा किलोमीटरमधला रूळ डोळ्यांखालून घालायचा, एका बाजूने जायचे आणि दुसऱ्या बाजूने परतायचे. तेव्हा आपल्याकडे एकेरी मार्ग होता आणि रुळांखालचे स्लीपर ओतीव लोखंडाचे होते. गाडी गेली की रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या हादऱ्याने सैल होत, त्या ठोकून परत बसवायच्या आणि दोन रुळांच्या सांध्यावरच्या फिशप्लेटांचे, म्हणजे जोडपट्ट्यांचे, बोल्ट आवळायचे. धाकट्याने एकदा त्यांना विचारले होते, ‘आप्पा, फिशप्लेट म्हणजे माशाची ताटली का?’ त्यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि पुढे कित्येक वर्षे गँगमध्ये फिशप्लेटला ताटली हेच नाव पडले.

चावी ठोकताना ते बघत नसत, ऐकत. पक्क्या बसलेल्या चावीचा आवाज खणखणीत येतो आणि सैल चावीचा बद्द, हे त्यांनी मला एकदा मायच्या स्वयंपाकघरात पितळी तांब्यावर आणि तडा गेलेल्या माठावर टिचकी मारून समजावले होते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो आणि रूळ हवेपेक्षाही कितीतरी जास्त तापतो. लोखंड फुगते, त्याला पसरायला जागा मिळाली नाही की रूळ सापासारखा वाकडा होतो, म्हणून भर दुपारी गस्त. थंडीत तेच लोखंड आखडते, ताण बसून जोडावर तडकते, म्हणून पहाटे गस्त. पावसाळ्यात भराव खचेल किंवा मोरीखालचे पाणी वर येईल म्हणून रात्री कंदील घेऊन गस्त. धाकट्याचा जन्म आषाढातल्या अशाच एका रात्री झाला आणि आप्पांना ते सकाळी कळले. मायने याचा उल्लेख पुढे कधी तक्रारीच्या सुरात केला नाही, मात्र भांडणात हमखास केला.

मला आता एक कबुली द्यायची आहे. धुळ्याला कॉलेजात असताना वडील काय करतात असे कोणी विचारले की मी नुसते ‘रेल्वेत आहेत’ एवढेच सांगून विषय बदलत असे. तू एकदा माझ्या खोलीवर आला होतास आणि तुझ्यासमोर मी हे उत्तर दिले होते. तू तेव्हा काही बोलला नाहीस, पण माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलेस ती मला अजून आठवते.

आपण नववीत होतो त्या वर्षीची पौषातली पहाट तुलाही आठवत असेल, कारण दुसऱ्या दिवशी शाळेत आपल्या भोवती पोरांचा घोळका जमला होता. धुके इतके होते की दहा पावलांपुढचे दिसत नव्हते. आप्पांना तडा दिसला नाही, पायाखाली जाणवला. रूळ जोडावर बोटभर उघडला होता. त्यांनी एका बाजूला लाल बावटा रोवला आणि ज्या बाजूने मालगाडी यायची होती त्या बाजूने धाव घेतली. सहाशे मीटरवर एक फटाका, मग बाराशे मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन, असा नियम आहे आणि तो त्यांनी आम्हांला पाढ्यांसारखा पाठ करून ठेवला होता. इंजिनाखाली फटाके फुटले, ड्रायव्हरने गाडी थांबवली. मग गँग आली, तडा गेलेल्या जागी फिशप्लेट लावून क्लँप आवळले आणि गाडी माणसाच्या चालीने पुढे काढली. घरी आले तेव्हा त्यांचे पाय खडीने सोलवटलेले होते, कारण बाराशे मीटर त्यांनी चपलेविना कापले होते. एक चप्पल पहिल्याच शंभर पावलांत निघाली आणि ती उचलायला ते थांबले नाहीत. साहेबांनी बक्षीस दिले. त्या पैशांतून त्यांनी मायसाठी प्रेशर कुकर आणला, आणि स्वतःसाठी तंगूसची, गळाच्या दोरीची, एक गुंडीसुद्धा घेतली नाही.

आता नदीकडे येतो. तापी मुलताईला उगम पावते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते, ७२४ किलोमीटरची तिची वाट, हे भूगोलात आपण पाठ केले. पण सारंगखेड्याजवळचा तिचा तो काळा खडक, त्याच्याखालचा डोह आणि पलीकडची वाळू मात्र आप्पांच्या सायकलच्या दांडीवर बसून शिकलो. पहाटेच निघायचे, वाटेत मिरचीच्या पथाऱ्यांवरून येणाऱ्या वाऱ्याने शिंका द्यायच्या आणि उजाडता उजाडता पाण्यावर पोहोचायचे. वेळूची काठी, तंगूस, मोरपिसाच्या दांडीचा तरंगा, शिशाचा लहानसा गोळा, आणि डब्यात ओल्या मातीत गांडुळे. रोहूसाठी हिंग घालून मळलेली कणीक वेगळी. पाण्याशी गेल्यावर आपण काठी उचलायला धावलो की ते खाली बसून बिडी पेटवत आणि म्हणत, ‘घाई काय शे? आदी पानी देख, मंग गळ टाक.’ अर्धा अर्धा तास ते नुसते पाणी पाहात बसत. तेव्हा मला त्याचा कंटाळा येई, आणि तुला मात्र कधीच येत नसे, हे मला चांगले आठवते.

नातलगांना जे दिसले नाही ते हे, की आप्पा नदीवर कधी सगळ्यांना घेऊन गेले नाहीत. महिन्याचा पहिला रविवार ताईचा, दुसरा माझा, तिसरा धाकट्याचा. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, सहा दिवस थकून झोपणाऱ्या बापाशी एकट्याने बोलायला कोणत्या पोराला जागा मिळणार होती? ताईने शिवणाचा डिप्लोमा नको, मला नर्सिंगला जायचे आहे हे पहिल्यांदा त्या खडकावर सांगितले, आणि मी गणितात नापास झाल्याचेही तिथेच. पाण्याकडे पाहात बोलता येते, एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. तुझे वडील तेव्हा सुरतेच्या मिलमध्ये होते आणि वर्षातून दोनदा येत, म्हणून चौथा रविवार तुझा ठरला. तो कोणी ठरवला, केव्हा ठरवला, हे मी मायला परवा विचारले, तर ती म्हणाली की ठरवायचे काय होते त्यात, पोरगा दारात उभा असे.

शिंगाडा माशाचा काटा तुझ्या तळहातात घुसला होता तो दिवस तू मला इतक्या वेळा सांगितला आहेस की मी तिथे होतो असेच मला वाटते. तू गळ सोडवायला गेलास, त्याने काटा उभारला, हात कोपरापर्यंत ठणकला. आप्पांनी रक्त पिळून काढले, तंबाखूच्या डबीतला चुना लावला आणि मग तोच मासा कल्ल्यामागून कसा धरायचा हे तुझ्याकडून त्याच दुखऱ्या हाताने तीनदा करून घेतले. हे मला थोडे कठोर वाटते, आजही.

पण मरळीच्या बाबतीत तेच आप्पा अगदी निराळे होत. मरळ हा नदीतला त्यांचा सर्वांत लाडका मासा. ती श्वास घ्यायला वर येते, त्या एका बुडबुड्यावरून ते तिचा अंदाज बांधत. ओल्या पोत्यात गुंडाळली तर घरापर्यंत जिवंत राहते, म्हणून आणायलाही सोपी. एका भाद्रपदात, माझ्या पाळीच्या दिवशी, काठाजवळच्या गवतात पाणी उकळल्यासारखे हलत होते. जवळून पाहिले तर काडीएवढी, केशरी-तांबूस शेकडो पिले एका गोळ्याने वर येत होती, खाली जात होती, आणि त्यांच्याखाली हातभर लांबीची दोन काळी अंगे स्थिर उभी होती. मरळीचे नर-मादी दोघेही पिलांची राखण करतात, अशा वेळी समोर पडेल त्यावर तुटून पडतात, त्यामुळे तेव्हा त्यांना धरणे पोरखेळ असतो. मी बेडकाचे आमिष गळाला लावू लागलो. आप्पांनी माझ्या हातातून काठी घेतली, तंगूस गुंडाळला आणि सायकल वळवली. त्या दिवशी आम्ही रिकाम्या हाताने घरी आलो, आणि वाटेत ते एक शब्दही बोलले नाहीत.

पाचवा रविवार ज्या महिन्यात येई, तो मायचा. तिने माळ घातलेली, ती मासा खाणे तर दूर, त्याचा वासही सहन करीत नसे. म्हणून मासे साफ करणे, काळ्या मसाल्यात कालवण करणे, हे सगळे आप्पा मागच्या ओट्यावर स्टोव्ह मांडून स्वतः करीत. त्यांचे पातेले, उलथणे, सुरी वेगळी, आणि ती भांडी चुकूनही तिच्या चुलीजवळ गेली नाहीत. तिच्याकडून फक्त कळण्याच्या भाकरी येत, त्याही ती उंबऱ्यावरून देई. तिच्या रविवारी ते एसटीने तिला तापीकाठच्या प्रकाशा गावी नेत. ती महादेवाच्या दर्शनाला जाई आणि हे घाटावर हात मागे बांधून पाण्याकडे पाहात उभे राहत. तिने एकदा विचारले की काय पाहता एवढे, तर म्हणाले, काही नाही, तापीमायचे दर्शन. ती म्हणाली, मला ठाऊक आहे कोणते दर्शन.

निवृत्तीनंतर पासावर त्यांनी पहिला प्रवास केला तो मायला घेऊन मुलताईचा. कुंडाची पूजा तिने केली. परत आल्यावर आप्पांनी मात्र मला वाटेतल्या रुळांचे वर्णन ऐकवले, की आता लांबच लांब रूळ जोडून टाकतात, सांधे उरले नाहीत, चाव्या नाहीत, गाडीची खटखट ऐकूच येत नाही आणि झोप लागत नाही. नदीवर बॅरेज झाल्यावर सारंगखेड्याचा डोहही थांबल्या पाण्यात बुडाला. तेथे आता भोयांच्या जाळ्यात चिलापी मासाच जास्त येतो असे ते नाक मुरडून सांगत, पण जायचे काही सोडले नाही.

गेल्या आठवड्यात मी त्यांची पत्र्याची पेटी उघडली. आत गळांच्या पुड्या, गंजलेला एक पाना आणि भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरांची गुंडाळी होती. रविवारच्या चौकोनांत ज्याची पाळी त्याच्या नावाचे अक्षर पेन्सिलीने काढलेले. आम्ही एकेक करून गाव सोडले तशी आमची अक्षरे थांबली, आणि ते त्या रविवारी शेजारच्या पोरांना नेऊ लागले हे तुला माहीत आहे. चौथ्या रविवारी मात्र ते कोणालाच नेत नसत, एकटे जात; मायला विचारले तर म्हणत, तो येईल कधी तरी, पाळी दुसऱ्याला कशी द्यायची. तू इंजिनिअरिंगला गेलास त्यानंतरच्या नऊ कॅलेंडरांवर चौथ्या रविवारी तुझे अक्षर आहे.

पेटी धाकटा मागतो आहे, त्याला देऊ. तुझी वेळूची आखूड काठी तेवढी मायने बाजूला काढून माळ्यावर ठेवली आहे. फेब्रुवारीचा चौथा रविवार २३ तारखेला येतो. घरचे दुखणे हलके झाले असेल तर शनिवारी रात्रीच्या गाडीने ये, स्टेशनवर मी मोटारसायकल घेऊन थांबतो. गांडुळांची सोय मी करतो, हिंग तेवढा तू आण, इथला भेसळीचा असतो असे आप्पा म्हणत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. मायने तुझी आठवण काढली आहे. कळावे, लोभ असावा.

तुझा,
दुसऱ्या रविवारचा मित्र