मूठभर पुढाऱ्यांपैकी एकाचे शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

परवाच्या सत्कार समारंभात आपण म्हणालात की शिक्षक चांगले आहेत, मूठभर स्वयंघोषित पुढारी त्यांना बिघडवतात. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत मीही बसलो होतो, त्याच मुठीतला एक, प्राथमिक शिक्षक संघटनेचा तालुका सरचिटणीस. दीड महिन्यापूर्वी तीन तास ताटकळत ठेवून आपण आमचं निवेदन घेतलं, फोटो काढला आणि पंधरा दिवसांत चर्चेला बोलावतो म्हणालात. फोटो आला. बोलावणं अजून यायचंय.

तेव्हा आमची स्वयंघोषणा कशी होते ते ऐका. वर्गणीची पावती फाडली की शिक्षक सभासद होतो. सभासद आपापल्या केंद्रातून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातून, प्रतिनिधी निवडतात, प्रतिनिधी तालुक्याची कार्यकारिणी निवडतात, मग जिल्हा, मग राज्य. दर तीन वर्षांनी सगळ्यांनी पायउतार व्हायचं. पुन्हा उभं राहायचं तर सूचक लागतो, अनुमोदक लागतो. मी सरचिटणीसपदाला पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा नऊ मतांनी पडलो, आणि ती नऊ माझ्याच केंद्रातली होती. (कोणाची ते मला माहीत आहे, पण मतदान गुप्त असतं.) आज तालुक्यात आमचे अकराशे सभासद आहेत. बाराशेही असतील, दोन पावतीपुस्तकं अजून जमा व्हायचीत.

वार्षिक सभेला तर आपण एकदा याच. चहाच्या बिलातल्या 240 रुपयांवरून निवृत्तीला आलेल्या एका बाईंनी मला पाऊण तास उभं केलं होतं. पावती सापडेपर्यंत हिशेब मंजूर होऊ दिला नाही. आपल्या खात्याचा ताळेबंद एकदा त्या बाईंच्या हाती द्यावा ही नम्र विनंती.

आणि बिघडवण्याबद्दल. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला. आमच्या सभेत हात वर झाले तेव्हा मी विरोधात होतो. ठराव झाला, मग मीही शाळेबाहेर बसलो. सात दिवसांनी, 20 मार्चला, संप मागे घेतला गेला तो आम्हाला न विचारता, म्हणून 2005 च्या नोव्हेंबरपासून लागलेली, जुन्या पेन्शनला मुकलेली पोरं अजून माझ्याशी भांडतात. भांडू देत. मंत्रिमंडळात कोणी असं भांडल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आता मी विचारू? जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीला निवडून आलेला सभापती असायचा. त्याच्या केबिनमध्ये जाऊन टेबल आपटता यायचं. 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले ते वर्षानुवर्षे हललेच नाहीत. विधान परिषदेत शिक्षकांच्या 7 जागा आहेत, पण तिथे मत फक्त माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. आम्ही प्राथमिकवाले बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून दारोदार फिरून गावाची मतदारयादी करायची, माझे गुडघे त्यातच गेले, आणि शिक्षक मतदारसंघाच्या यादीत आमचं नाव नाही! कामगार म्हणून दाद मागावी, तर शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातला कामगार नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1988 सालीच सांगून ठेवलंय. म्हणजे आम्ही शिक्षकांचे आमदार निवडायचे नाहीत, कामगार व्हायचं नाही आणि आपली माणसं आपण निवडली तर ती स्वयंघोषित. मग शिक्षकाने बोलायचं कुठे, फळ्याशी?

ऑनलाइन माहितीची लिंक मात्र रात्री अकराला येते, 'आजच भरा' म्हणून. ती बरोबर पोचते. पगार पोचायला वेळ लागतो. मुलीची फी भरायला गेल्या महिन्यात मी पतपेढीचं कर्ज काढलं. असो, तो आपला विषय नाही.

मागणी एवढीच की चर्चेची तारीख लेखी कळवावी आणि बैठकीचं इतिवृत्त सहीनिशी द्यावं. येत्या रविवारी आमची सभा आहे. मंत्र्यांच्या आश्वासनाचं काय झालं, हा प्रश्न विषयपत्रिकेवर तिसरा आहे आणि तो त्याच बाईंनी दिलाय.

आपला,
तालुका सरचिटणीस, निवडून आलेला
(वर्तणूक नियमांच्या धाकाने नाव लिहीत नाही)